मीटर शाळेचा होता, बल्ब माझा होता

गुलाबमामा,

दादाचं पत्र काल दुपारी हातात पडलं. तोवर तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले होते, तेरवीसुद्धा आटोपली होती. पत्र वाचून मी रडलो असेन असं तुम्हाला वाटत असेल. मी ते पत्र चुरगाळलं. मग घाबरून सरळ केलं, कारण खाली मामींनी सांगितलेले दोन शब्द होते. आणि मग पुन्हा चुरगाळलं. अजून राग उतरलेला नाही. रागातच लिहितो आहे, तेव्हा अक्षर आणि भाषा दोन्ही सांभाळून घ्या. आठवीतून शाळा सोडलेल्या माणसाचं लिहिणं आहे.

राग कशाचा ते आधी सांगतो. शाळेत तुमची शोकसभा झाली म्हणे. हेडमास्तर बोलले. म्हणाले, “मीटरच्या बाबतीत झालेली ती एक चूक सोडली, तर गुलाबरावांच्या अख्ख्या नोकरीत बोट ठेवायला जागा नाही.” लोकांनी माना हलवल्या. दादाने हे मोठ्या कौतुकाने लिहिलंय, की पाहा, मामांबद्दल किती चांगलं बोलले. त्याला खरं काय ते माहीत नाही. मामींना माहीत नाही. जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातलं एक सकाळचा चहा अर्धा ठेवून निघून गेलं.

ती एक चूक सोडली तर. रात्रपाळीचे लोक खोलीत झोपले होते म्हणून मी ओरडलो नाही, एवढंच.

हे मी तुम्हाला लिहितो आहे, पण दादा ते शाळेत वाचून दाखवणार आहे. तेव्हा ज्यांना तुम्ही फक्त घंटा वाजवणारे मामा म्हणून ठाऊक, त्या पोरांसाठी थोडं मागचं सांगावं लागेल.

समुद्रपूरच्या त्या शाळेत तुम्ही प्रयोगशाळेचे परिचर होता. म्हणजे कागदावर परिचर. काम बाटल्या धुण्याचं, बेंच पुसण्याचं, कपाटाची किल्ली सांभाळण्याचं. पण विज्ञानाचे मास्तर बदलून येत-जात आणि तुम्ही तिथेच. नवा मास्तर आला की पहिल्या आठवड्यात तुम्हालाच विचारायचा, मामा, हा प्रयोग इथे चालतो का. तुम्ही सातवी नापास. मी आठवी नापास. त्यावरून तुम्ही मला नेहमी टोमणा मारायचे, “तू माह्यापेक्षा एक वर्ग जास्त शिकला बाप्पा, तुले नमस्कारच केला पाहिजे.”

मी इंग्रजीत नापास झालो आणि लाजेने शाळेत परत गेलोच नाही. जामच्या चौरस्त्यावर दादाचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं, तिथे बसायला लागलो. हैदराबादकडे जाणारे ट्रक थांबायचे, कुणाचा दिवा लागत नसे, कुणाचा सेल्फ मारत नसे. आमच्या धंद्यात तेव्हा सगळी तपासणी बल्बवर चालायची. बारा व्होल्टचा एक बल्ब, त्याला दोन वायरी. एक इकडे लावायची, एक तिकडे टेकवायची. पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर नाही. अजूनही तिथे तसंच चालत असेल. जाममध्ये तुमची सासुरवाडी, म्हणून तुम्ही सुट्टीच्या दिवशी यायचे आणि दुकानाच्या बाकावर बसून माझं काम पाहायचे. एकदा पाहवलं नाही तुम्हाला.

“विहिरीत पाणी हाय का नाई हे पाहाले तू मोटर लावतं काय बे? बल्ब म्हंजे मोटर. मीटर नुसतं वाकून पाहाते.”

मग दर रविवारी एस.टी.ने समुद्रपूर. बंद शाळा, तुमच्या करगोट्याला बांधलेली किल्ली, आणि कपाटातून तुम्ही बाळासारखा दोन्ही हातांनी काढलेला तो व्होल्टमीटर. लाकडी पेटीतला, काटा असलेला, पेटीवर पांढऱ्या रंगाने शाळेचं नाव लिहिलेलं. तुमची एक अट होती. मीटर लावायच्या आधी काटा कुठे जाईल ते वहीत लिहायचं. “आधी लिही, मंग लाव.” मी म्हणायचो, लावल्यावर दिसेलच की. तुम्ही म्हणायचे, दिसते सगळ्यायलेच. न लावता ज्याले सांगता येते त्यालेच मीटर समजते. चुकलो की तुम्ही हसायचे नाही. बरोबर आलं की मात्र हसायचे, आणि तेच मला जास्त लागायचं.

त्या वहीच्या जोरावर मी इथे शारजाला आहे. मुंबईला एजंटाच्या शेडमध्ये आमची परीक्षा घेतली तेव्हा एका मोटारीचा दोष काढायचा होता. माझ्या आधीच्या सगळ्यांनी खिशातून बल्ब काढले. मी मीटर मागितला. परीक्षा घेणारा जो माणूस होता तोच आज माझा फोरमन आहे, कुट्टीअण्णा, केरळचा. त्याने मला तिथेच बाजूला उभं केलं आणि बाकीच्यांना जायला सांगितलं. माझ्या घराला स्लॅब पडला तो तुमच्या मीटरवर. बहिणीचं लग्न झालं ते तुमच्या मीटरवर. हे मी विसरलेलो नाही. रागावलेला माणूस विसरत नाही, उलट सगळं जास्तच आठवतं.

आता त्या मे महिन्याचं.

तीन वर्षांपूर्वी बहिणीच्या लग्नासाठी मी पहिल्यांदा सुट्टीवर आलो. हातात घड्याळ, डोळ्यांवर काळा चष्मा. तुम्ही दुकानावर आले तेव्हा चष्मा काढून माझ्या डोळ्यात बघितलं आणि म्हणाले, बुबुळं तर हायेत, मले वाटलं तिथे काढून घेतले. मी गावभर सांगत होतो की तिकडे गाड्यांना कॉम्प्युटर असतो आणि मी कॉम्प्युटरच्या गाड्या दुरुस्त करतो. ते खोटं होतं. तेव्हा मी फक्त बॅटऱ्या आणि वायरी पाहायचो. कॉम्प्युटर म्हणजे डॅशबोर्डाखालची एक बंद पेटी, तिला हात लावायची परवानगी एकट्या कुट्टीअण्णाला. तो डिजिटल मीटर घेऊन बसायचा आणि मी बाजूला टॉर्च धरायचो. पण टॉर्च धरता धरता मी बरंच पाहिलं होतं, आणि जे पाहिलं ते तुम्हाला सांगितलं होतं. कोणत्या वायरीवर बारा व्होल्ट, कोणत्या वायरीवर पाचच, पेटीचं अर्थिंग किती साफ लागतं. तुम्ही गाडी न पाहता सगळं पाठ करून ठेवलं होतं. मला ते तेव्हा विचित्र वाटलं.

आणि तीच गाडी जामच्या चौरस्त्यावर येऊन बंद पडली. म्हणजे तसलीच. हैदराबादचे एक साहेब, बरीच वर्षं आखातात राहून परतलेले, सोबत गाडी आणलेली. नागपूरला नातेवाइकांकडे जाऊन परत निघाले होते. सकाळचे दहा वाजले असतील, पण ऊन असं की डांबराला चप्पल चिकटत होती. लोकांनी गाडी ढकलत आमच्या दुकानापुढच्या कडुनिंबाखाली आणली आणि सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. हा पाहा आमचा गल्फवाला.

तुम्ही त्या दिवशी दुकानावरच होता. तुम्ही साहेबांना चावी मारायला सांगितलं. मागच्या टाकीतून दोन सेकंद घूं असा आवाज आला, इंजिन फिरलं, पकडलं, आणि घसा खाकरल्यासारखं करून बंद पडलं. पुन्हा मारली, पुन्हा तसंच. तुम्ही आवाज ऐकत उकिडवे बसला होता. मग उठून मला बाजूला घेतलं.

“पेटी जित्ती हाय. ते टाकीतला पंप चालू करून राह्यली, इंजिन पकडून राह्यलं. अर्थिंगचा घोळ दिसते मले. मी मीटर घेऊन येतो. तोवर पेटीले हात लावू नोको.”

आणि तुम्ही समुद्रपूरच्या गाडीत बसून गेले. उन्हाळ्याची सुट्टी होती, शाळा बंद, कुणाला विचारायचं ठेवलंच नाही.

तुम्ही दीड तासाने परत येणार होता. त्या दीड तासात साहेबांनी मला विचारलं, शारजात कोणत्या गॅरेजात असतो. मी छाती फुगवून नाव सांगितलं. ते म्हणाले, अरे, तुझ्या मालकाला मी चांगला ओळखतो, माझी पहिली गाडी त्याच्याकडेच जायची. झालं. आता मला थांबवेना. बाकावर दहा-पंधरा माणसं बसलेली. एकाने विचारलं, मामा मीटर आणते मंग तू काय करतं? हसले सगळे. मी हसलो नाही. मला वाटलं, मामा यायच्या आत ही गाडी चालू झाली पाहिजे. ती माझ्या हाताने चालू झाली पाहिजे.

मला माहीत होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. पेटीला बल्ब लावायचा नाही हे मला माहीत होतं. कुट्टीअण्णाने शंभरदा सांगितलं होतं. बल्बमधून जेवढा करंट वाहतो तेवढा त्या पेटीच्या बारीक वाटांना सोसत नाही. तुम्ही तर त्याच्याही आधी सांगितलं होतं, विहिरीची गोष्ट करून. तरी मी दादाच्या खणातून बल्ब काढला, डॅशबोर्डाखाली आडवा झालो, पेटीचा सॉकेट मागून उघडा केला. बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसवर, दुसरी एकेका पिनेवर. पहिलीवर काही नाही. दुसरीवर काही नाही. तिसरीवर बल्ब छान पेटला.

धूर नाही, वास नाही, ठिणगी नाही. मला वाटलं, जमलं. बाहेर ओरडून सांगितलं, चावी मारा साहेब. साहेबांनी मारली. टाकीतला तो घूं आवाज आला नाही.

त्या क्षणी मला सगळं कळलं, मामा. मी डॅशबोर्डाखालीच पडून राहिलो. लोकांना वाटलं मी काम करतोय.

तुम्ही आले तेव्हा मीटर तुमच्या दुपट्ट्यात गुंडाळलेला होता. घाम पुसला नाही, पाणी घेतलं नाही. मला म्हणाले, लिही. दादाच्या पावतीपुस्तकाच्या मागे मी लिहिलं, बॅटरीवर बारा, अर्थिंगवर शून्य. तुम्ही बॅटरीचा मायनस आणि पेटीची अर्थिंगची वायर यांच्यामध्ये मीटर लावला, साहेबांना स्टार्टर मारायला लावला. काटा अडीचवर गेला. शून्य पाहिजे तिथे अडीच. तुम्ही वायर धरत धरत इंजिनापर्यंत गेले आणि बोल्टाखालचं टोक काढून सगळ्यांना दाखवलं. पांढरं-हिरवं झालेलं, चुन्यात बुडवल्यासारखं. पॉलिश पेपरने घासून तुम्ही ते चकचकीत केलं, बोल्ट आवळला, पुन्हा मीटर लावला. काटा हललासुद्धा नाही. बाकावरची माणसं उठून जवळ आली. मामाने पकडलं म्हणाले. तुम्ही खुश होता. तुमचा तो चेहरा मला नको आहे, पण तोच डोळ्यांपुढे येतो.

“मारा साहेब.”

इंजिन फिरत राहिलं. पकडलं नाही.

तुम्ही खाली बसून पेटीच्या त्या पाच व्होल्टच्या वायरीवर मीटर लावला. शून्य. चावी बंद करून पुन्हा चालू केली, टाकीकडे कान दिला. शून्य. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, खाली. माझ्या पॅंटच्या खिशातून बल्बची वायर वीतभर बाहेर लोंबत होती.

हळू आवाजात तुम्ही एवढंच विचारलं, “सकाळी पकडत होती नं?” मी मान हलवली.

तुम्ही उठले आणि उठता उठता, कुणाला दिसणार नाही असं, ती लोंबती वायर एका बोटाने माझ्या खिशात आत ढकलली.

साहेबांचा आवाज तोवर चढला होता. सकाळी जी गाडी निदान खोकत तरी होती ती आता मेली कशी, कुणी हात लावला. माझ्याकडे बोट करून म्हणाले, मी आजच ट्रंक कॉल लावतो तुझ्या मालकाला. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं, मामा. काय बोलणार होतो ते आजही मला सांगता येत नाही. त्याच्या आत तुम्ही बोलले, तुमच्या त्या मोडक्या हिंदीत.

“साहब, इस लडके ने हाथ नहीं लगाया। मेरे हाथ से हुआ। मीटर का तार सरक गया।”

मीटरच्या वायरीने असं होत नाही. सांगणाऱ्याला माहीत होतं, ऐकणाऱ्या साहेबांना माहीत नव्हतं. त्यांनी तुम्हाला अडाणी म्हटलं, चपराशी म्हटलं, ज्याला पाटी-पेन्सिल कळत नाही तो कॉम्प्युटर उघडतो म्हणाले. तुम्ही दुपट्टा हातात धरून उभे. बाकावरची माणसं, सकाळी माझ्यावर हसलेली, आता तुमच्यावर हसली. मी गाडीच्या चाकाकडे पाहत होतो. चाकाचे चार बोल्ट होते. अजून आठवतात.

जाताना साहेबांनी मीटरच्या पेटीवरचं शाळेचं नाव वहीत उतरवून घेतलं. गाडी ट्रकवर चढवून हैदराबादला गेली. मी चार दिवसांनी शारजाला आलो. तुम्ही मला सोडायला नागपूरपर्यंत आले होते. वाटेत एक शब्द या विषयावर नाही. बुटीबोरीला संत्र्याच्या गोळ्या घेऊन दिल्या, मी काय आठ वर्षांचा होतो?

जूनमध्ये शाळा उघडली आणि साहेबांचं पत्र आलं. परवानगी न घेता शाळेचं उपकरण बाहेर नेलं, त्याने दुसऱ्याच्या मालाचं नुकसान केलं. तुमच्याकडून प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली आणि तुम्हाला घंटेवर आणि पाण्याच्या माठांवर बसवलं. हे दादाने लिहिलं तेव्हा मी इथे पेट्यांच्या बेंचवर बसायला लागलो होतो. कुट्टीअण्णाने मला बढती दिली होती. तुमची किल्ली गेली त्याच महिन्यात माझ्या हातात डिजिटल मीटर आला. मी त्या रात्री जेवलो, झोपलो, सकाळी कामावर गेलो. एवढंच केलं.

मागच्या वर्षी सुट्टीवर आलो तेव्हा मात्र मी ठरवून आलो होतो. शाळेच्या फाटकाशी तुम्ही स्टुलावर बसलेले, बाजूला लोखंडी घंटा. मला पाहून म्हणाले, आला का गल्फचा साहेब, बस, पण स्टूल एकच हाय, तू आठवी शिकलेला, तूच बस. मी उभा राहिलो. म्हणालो, मामा, मी हेडमास्तरांकडे जाऊन सांगतो, पेटी माझ्या हातानं जळली. तुम्ही चहा सांगितला. मी पुन्हा म्हणालो. तुम्ही चहाचा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाले,

“तू खरं सांगशीन तं मी खोटा ठरतो. या वयात मले खोटा ठरवतं काय?”

मी म्हणालो, लोक तुम्हाला अडाणी म्हणतात ते चालतं?

“म्हणू दे नं. तो मी हावोच. सातवी नापास हावो. पण खोटा कोणी नाई म्हणत मले.”

मी अजून काही बोलणार होतो. तेवढ्यात तास संपला, तुम्ही उठून घंटा वाजवली, पोरं बाहेर आली आणि तुमच्याभोवती पाणी पाणी करत जमली. आणि मामा, मला सुटल्यासारखं झालं. बस पकडायला जाताना पाय हलके होते. ते हलके पाय मला आता खातात.

म्हणून तुमच्यावर राग. लोक म्हणतील, असा देवमाणूस आणि हा त्याच्यावर रागावतो. रागावतो. तुम्हाला कुणी सांगितलं होतं मला वाचवायला? तुम्ही मला एकदाच विचारायचं होतं, सुधाकर, तू बोलतं का मी बोलू? एवढा वेळ होता. वायर खिशात ढकलायला वेळ होता तर विचारायलाही होता. तुम्ही माझ्याकडे बघून ठरवून टाकलं की हा बोलणार नाही, याच्यात तेवढा जीव नाही. आणि मी गप्प राहून तुमचं ठरवणं खरं केलं. कदाचित मी बोललो असतो. कदाचित नसतो. ते कळायची एक वेळ माझ्या आयुष्यात आली होती, ती तुम्ही माझ्या हातून काढून घेतली, वर मला आयुष्यभर तुमचं चांगलं बोलायला लावलं. असं करतात का घरच्या माणसाला?

आणि स्वतःवर राग आहे, तो तुम्हाला सांगायची गरज नाही.

काल पत्र आलं, रात्र कशी गेली ते सोडा. आज सकाळी मी गॅरेजात गेल्यावर सरळ कुट्टीअण्णाच्या केबिनमध्ये गेलो. मालकाच्या कानावर गेलं तर व्हिसा रद्द, परतीचं तिकीट, घराचं अर्धं राहिलेलं काम, सगळं डोळ्यांपुढे होतं. दार लावलं आणि त्याला सांगितलं की तीन वर्षांपूर्वी सुट्टीत, आपल्या मालकाच्या ओळखीच्या माणसाच्या गाडीचा कॉम्प्युटर मी बल्ब लावून जाळला आणि दोष दुसऱ्याच्या अंगावर जाऊ दिला.

त्याने चहा खाली ठेवला. मग म्हणाला, “बल्ब से? सबने जलाया है एक-एक। मैंने दो जलाए।” आणि हसला. मला म्हणाला, त्या साहेबाचा ट्रंक कॉल तर तेव्हाच आला होता, मालकाने माझ्याकडे दिला, मी सांगितलं जुना वायरिंगचा दोष असेल, विषय संपला. तू एवढं पांढरं तोंड करून काय उभा आहेस, बाहेर तीन गाड्या थांबल्यात.

मामा, मी बाहेर आलो आणि बेंचच्या मागे जमिनीवर बसलो. तीन वर्षं. तुमची किल्ली, तुमचं स्टूल, लोकांचं हसणं, शोकसभेतलं ते वाक्य. आणि इथे ते दोन मिनिटांत संपलं होतं, त्याच आठवड्यात, मला कुणी सांगितलंही नव्हतं. तुम्हाला वाटलं माझी नोकरी जाईल. मलाही वाटलं. कुणीच जाऊन विचारलं नाही. मी भिऊन गप्प, तुम्ही माझ्या भीतीला भिऊन बोलले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी दादाला पत्र लिहिलं. त्याला सांगितलंय की हे सगळं घेऊन मामींकडे आधी जायचं, त्यांना बसून वाचून दाखवायचं, त्या काय बोलतील ते ऐकून घ्यायचं आणि उत्तर द्यायचं नाही. मग शाळेत जायचं. हेडमास्तरांच्या हातात कागद देऊन परत यायचं नाही, प्रार्थनेच्या वेळी पोरांपुढे उभं राहून मोठ्याने वाचायचं, माझ्या नावासकट. सुधाकर, बॅटरीवाल्या दिवाकरचा लहान भाऊ, जामचा. पेटी त्याने जाळली. गुलाबमामांनी त्या गाडीत जो दोष शोधला तो बरोबर शोधला होता, मीटरवर, अडीच व्होल्ट, आणि त्यांच्या हातून काहीही बिघडलं नव्हतं. ‘ती एक चूक’ असं जे बोललं गेलं ते जिथे लिहून ठेवलं असेल तिथून खोडावं.

तुम्हाला हे आवडणार नाही, ठाऊक आहे. फाटकाशी चहा देऊन तुम्ही माझं तोंड बंद केलं होतं. आता चहा द्यायला तुम्ही नाही. तुम्ही त्या दिवशी कडुनिंबाखाली सगळ्यांदेखत खोटं बोलले, मामा. होय, या वयात तुम्हाला खोटं ठरवतो. राग आला असेल तर या, आणि भांडा माझ्याशी.